लिम्फोमा आणि महाधमनी फुटणं: इमर्जन्सी स्टेंट ग्राफ्टबद्दल परत परत येणारे प्रश्न

मी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नसांत तार घालून दुरुस्ती करतात त्या खोलीत, स्क्रब नर्स आहे. महाधमनी फुटलेला पेशंट रात्री येतो तेव्हा टेबलाला लागून उभी असते. त्यातले लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) फार थोडे, पण ज्यांच्या घरात हे घडलं त्यांचे प्रश्न कित्येक महिने येत राहतात, कारण कॅन्सरवाले डॉक्टर म्हणतात स्टेंटचं त्यांना विचारा आणि स्टेंटवाले म्हणतात केमोचं तिकडे विचारा. म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. स्टेंट म्हणजे इथे फाटलेल्या नसेत आतून बसवायची नळी (प्रश्न ७). औषधांचे डोस यात नाहीत, ते तुमच्या पेशंटची फाइल ज्यांच्या हातात आहे त्यांनीच सांगायचे.

१. महाधमनी म्हणजे नक्की कुठली नस? ती फुटली म्हणजे काय होतं?

हृदयाच्या डाव्या बाजूने निघणारी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. छातीत थोडी वर जाते, काठीच्या मुठीसारखी वळते, मग मणक्याला धरून खाली पोटात उतरते आणि बेंबीच्या जवळपास तिच्या दोन फांद्या होऊन एकेका पायाकडे जातात. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटीमीटर. भिंत तीन थरांची आणि चांगली चिवट असते, ती अशी सहजासहजी फाटत नाही.

फाटली तर पुढचं सगळं रक्त कुठे सांडतंय यावर आहे. मागे मणक्याच्या बाजूला सांडलं तर आजूबाजूचे स्नायू आणि चरबी ते थोडा वेळ दाबून धरतात, पेशंट घामाघूम असतो पण बोलत असतो. आमच्याकडे जिवंत पोचतात ते बहुतेक असेच. पोटाच्या मोकळ्या जागेत किंवा छातीत सांडलं तर काही मिनिटंच हातात असतात.

२. लिम्फोमा तर गाठींचा कॅन्सर, त्याचा या नसेशी काय संबंध?

संबंध शेजाराचा आहे. मानेत, काखेत, जांघेत अवधान येतं तशाच लसिका ग्रंथी पोटात आणि छातीत महाधमनीच्या दोन्ही बाजूंनी माळेसारख्या असतात. लिम्फोमा तिथे वाढला की महाधमनीला वेढा घालतो. बऱ्याचदा वेढतो पण भिंतीला काही करत नाही, सीटीत नस मणक्यापासून उचललेली आणि गाठींच्या मधे तरंगत असल्यासारखी दिसते, रक्त मात्र आतून मजेत वाहत असतं.

क्वचित ते बिघडतं. कधी कॅन्सरच्या पेशी भिंतीतच शिरतात. कधी गाठीच्या दाबाने भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि भिंत उपाशी राहून कुजते. कधी उपचाराने गाठ झपाट्याने विरघळते (प्रश्न १३), कधी जंतू बसतात (प्रश्न १४). शिवाय वय, विडी-सिगरेट, ब्लडप्रेशर यामुळे आधीच फुगवटा असला तर त्याचा वेगळा धोका आहेच. एकाच पेशंटमध्ये यातली दोन कारणं एकत्र असू शकतात.

३. मग लिम्फोमाच्या प्रत्येक पेशंटने याची भीती बाळगायची का?

नाही. मनापासून सांगते, नाही. लिम्फोमामुळे महाधमनी फुटणं इतकं दुर्मिळ आहे की जगभरातून एकेका पेशंटची हकिगत छापून येते, याचे मोठे अभ्यास नाहीत. महाधमनीभोवती मोठा गोळा असेल, लिम्फोमा वेगाने वाढणाऱ्या जातीचा असेल, छातीला किंवा पोटाला पूर्वी रेडिएशन झालं असेल किंवा आधीचा फुगवटा असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, एवढंच विचारा, "सीटीत महाधमनीची रुंदी किती लिहिलीय आणि भिंत नीट दिसतेय का?" पोटात ३ सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर त्याला फुगवटा म्हणतात. साध्या फुगवट्याचं ऑपरेशन पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेंटीमीटरच्या आसपास ठरवतात. पण हे आकडे साध्या फुगवट्याचे झाले. गाठीने किंवा जंतूंनी पोखरलेली भिंत छोट्या फुगवट्यालाही दगा देते, तिथे आकड्यावर विसंबून राहता येत नाही.

४. कुठलं दुखणं आलं की सकाळची वाट न बघता निघायचं?

अचानक आलेलं, आधी कधी झालं नाही असं पाठीत, पोटात, कुशीत किंवा छातीत दुखणं. त्याबरोबर घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. पोटात धडधडणारा गोळा हाताला लागणं. रक्ताची उलटी किंवा काळी शी, थोडीशी होऊन थांबली तरी (प्रश्न १९).

घात होतो तो ओळखीच्या दुखण्यांमुळे. उसण भरली, गॅस झाला, मुतखडा असेल, केमोचा अशक्तपणा असेल. एका पेशंटना आम्ही टेबलावर कुशीवर वळवलं तर अख्खी पाठ बामने चिकट झालेली, मास्कमधूनही वास येत होता. घरच्यांनी सहा तास आळीपाळीने चोळलं होतं, जीव लावून चोळलं होतं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, उसण भरल्यावर आपण सगळे हेच करतो. पण लिम्फोमाची फाइल घरात असेल तर असं दुखणं चोळायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

५. कॅज्युअल्टीत पोचल्यावर आधी काय सांगायचं?

एकाच दमात तीन गोष्टी. "यांना लिम्फोमा आहे, शेवटची केमो अमुक तारखेला झाली, आता अचानक पाठीत दुखून चक्कर आली." पहिल्या वाक्यातच लिम्फोमा आला पाहिजे. तो शब्द वीस मिनिटांनी कळला तर सगळा विचार वेगळ्या दिशेने गेलेला असतो. केमोची तारीख यासाठी की साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पेशी सगळ्यात कमी असतात, म्हणजे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींची तयारी लगेच सुरू होते.

मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, किडनीचा त्रास, डायची (नसा स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) ॲलर्जी, चालू असलेलं अँटिबायोटिक. आणि जुना सीटी, सीडीवर असो नाहीतर मोबाइलमधल्या लिंकवर, घेऊन या. जुन्या सीटीवरून स्टेंटचं माप काढायला फार मदत होते आणि फुगवटा नवा की जुना ते तिथल्या तिथे कळतं.

शक्य असेल तर निघतानाच फोन करून विचारा, रात्री सीटी चालू आहे का आणि व्हॅस्क्युलरची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनची, टीम येते का. नसेल तर तिकडे थांबण्यात वेळ जातो.

६. काकांचं बीपी ८० होतं तरी सलाइन जोरात सोडत नव्हते, दुर्लक्ष केलं का?

हा प्रश्न रागानेच येतो आणि तो राग मला समजतो. पण बहुतेक वेळा ते मुद्दाम असतं. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसून छिद्र कसंबसं दाबलेलं असतं, सलाइन भराभर देऊन बीपी १३० वर नेलं तर ती गुठळी उडते, शिवाय रक्त पातळ होऊन गोठेनासं होतं. म्हणून पेशंट शुद्धीवर आहे, बोलतोय, तोवर वरचं बीपी साधारण ७० ते ९० मध्ये चालवून घेतात आणि द्यायचंच तर रक्त देतात. याला मर्यादा आहे, ७० च्या खाली फार वेळ राहणंही वाईटच. पण शुद्ध हरपत असेल आणि तरी कोणी जवळ नसेल, तर मोठ्याने हाका मारा, संकोच करू नका.

७. पोट न उघडता आतून नक्की करतात काय?

जांघेत पायाची मोठी धमनी हाताला लागते. तिथे सुई टाकून तार वर चढवतात, ती तार स्क्रीनवर एक्सरेत बघत बघत महाधमनीत फाटलेल्या जागेच्या वर नेतात. आम्ही सगळे लेड ॲप्रनमध्ये. पेशंट कोसळत असेल तर आधी फुगा चढवतात, फाटल्या जागेच्या वर नेऊन फुगवला की खालचा प्रवाह बंद. मॉनिटरवर बीपी ४८ दिसत असतं आणि फुगा भरला की आकडे चढायला लागतात, ६०, ७५, ९०, तेवढा वेळ खोलीत कोणी बोलत नाही. पण फुगा फार वेळ ठेवता येत नाही, किडनी, आतडी, पाय सगळ्यांचं रक्त थांबलेलं असतं.

मग स्टेंट ग्राफ्ट. साध्या भाषेत सांगायचं तर कापडाची नळी, तिला धातूच्या जाळीचा सांगाडा. कापड पॉलिएस्टरचं किंवा पीटीएफईचं, जाळी बऱ्याचदा नायटिनॉलची, म्हणजे दाबून बारीक नळीत भरली तरी सोडल्यावर आपोआप मूळ आकारात उघडते. ती मिटलेल्या छत्रीसारखी आत जाते आणि जागेवर सोडली की भिंतीला जाऊन चिकटते. फाटलेल्या जागेच्या वर आणि खाली चांगली भिंत असेल तिथे तिची टोकं घट्ट बसायला लागतात, म्हणून माप नसेपेक्षा १० ते २० टक्के मोठं घेतात. यानंतर रक्त नळीतून जातं, फाटकी भिंत बाहेर राहते.

पोटातल्या महाधमनीला खाली दोन फांद्या असल्यामुळे ग्राफ्टसुद्धा पँटसारखा असतो. एका पायाकडून मुख्य भाग, दुसऱ्या जांघेतून दुसरी नळी, आणि ही दुसरी नळी पहिलीच्या छोट्या तोंडात तार घालून जोडायला लागते. बघताना वाटतं तेवढं सोपं नाही ते, सुईत दोरा ओवण्यासारखं आहे आणि इथे गाठीने महाधमनी वाकडी सरकवलेली असली तर अजून अवघड. छातीतल्या महाधमनीला एकच सरळ नळी पुरते, म्हणून काम भरभर होतं, पण तिथे पाठीच्या कण्याची काळजी असते (प्रश्न १५).

शेवटी डाय सोडून बघतात की बाहेर कुठे गळत नाही ना. जांघेतलं छिद्र आतल्या टाक्याने बंद होतं, नाहीतर छोटा छेद देऊन शिवतात.

८. पण पोट उघडून शिवलेलं जास्त पक्कं नसतं का?

टिकाऊपणात ओपन ऑपरेशन आजही भक्कम आहे, आणि फाटलेली जागा अशी असेल की स्टेंटला टेकायला चांगली भिंतच नाही, तर तोच रस्ता उरतो. आतून दुरुस्ती तशी नवी. खार्किव्हमध्ये निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत केली, ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी ७ सप्टेंबर १९९० ला पोटातल्या फुगवट्याला केली, आणि फुटलेल्या महाधमनीला ती १९९४ च्या सुमारास व्हायला लागली.

फुटलेल्या पोटातल्या फुगवट्यांवर ब्रिटनमधून इम्प्रूव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, ६१३ पेशंट. ३० दिवसांतले मृत्यू आतून करायच्या गटात ३५.४ टक्के आणि ओपन गटात ३७.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पण ३ वर्षांपर्यंतच्या मृत्यूंत फरक दिसला, आतून करायच्या गटात ४८ टक्के आणि ओपनमध्ये ५६ टक्के, आणि आतून केलेले पेशंट लवकर घरी गेले. हे साध्या फुगवट्यांचे आकडे आहेत, लिम्फोमाचे नाहीत, ते विसरू नका.

लिम्फोमात पारडं आतून करण्याकडे झुकतं त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे. नसेभोवती गाठीचं मांस चिकटलेलं असतं, तिथे चिमटा लावायला मोकळी जागाच सापडत नाही, हात लावाल तिथून रक्त येतं. शिवाय पोटावर मोठी जखम असली की केमो पुढे जाते, आणि या पेशंटला केमोच वाचवणार असते.

९. पूर्ण भूल देतात का?

शक्य असेल तिथे जांघ बधिर करून सुरू करतात. पूर्ण भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, रक्तदाब एकदम कोसळतो. इम्प्रूव्हमध्येही फक्त जागा बधिर करून केलेल्यांचं जगण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. पेशंट फार हलत असेल, श्वास पुरत नसेल तर मात्र भूल द्यावीच लागते. छातीत गाठींचा मोठा गोळा असेल तर भुलेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, आडवं झोपवलं की तो गोळा श्वासनलिका दाबू शकतो.

१०. केमोमुळे प्लेटलेट २० हजार आहेत, तरी करतील का?

हो, कारण थांबायला वेळ नाही. एकीकडे प्लेटलेट चढवत दुसरीकडे काम सुरू होतं. मोठ्या प्रोसिजरला साधारण ५० हजारांच्या वर असाव्यात असं बघतात. जांघेतल्या छिद्रातून गळू नये म्हणून अशा पेशंटमध्ये कधी कधी छेद देऊन डोळ्यांसमोर शिवणं पसंत करतात. तार चढवताना एरवी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात, इथे ते कमी देतात किंवा ग्राफ्ट उघडेपर्यंत देतच नाहीत.

नातेवाइकांच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे रक्तदाते. चार जण तयार ठेवा आणि ते कुठल्या ग्रुपचे, कुठे बसलेत, एवढं आम्हाला सांगा.

११. स्टेंट बसला म्हणजे गाठ पण गेली ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. स्टेंटने फक्त रक्तस्राव थांबतो. गाठ होती तिथेच, तेवढीच असते. उलट आतून केल्यामुळे गाठीचा तुकडाही हातात येत नाही, ओपनमध्ये निदान बायॉप्सीला मांस मिळतं.

ज्यांना लिम्फोमा आहे हे फुटल्यानंतरच, सीटीत गोळा दिसून पहिल्यांदा कळलं, त्यांना हे फार महत्त्वाचं. पेशंट जरा सावरला की वरवरच्या गाठीतून किंवा सीटी बघत सुईने बायॉप्सी ठरवून घ्या. आणि बायॉप्सीच्या आधी उगीच स्टेरॉइड सुरू होऊ देऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो आणि मग तुकड्यात काही सापडत नाही. जिवासाठी लागलंच तर देतात, पण तो निर्णय ऑन्कॉलॉजिस्टला विचारून व्हावा.

१२. स्टेंटनंतर केमो परत कधी?

ठरलेली तारीख नाही. जांघेची जखम, किडनी, ताप आणि जंतूंचा संशय हे चार बघून ठरवतात. किडनीचं खास सांगते. प्रोसिजरमध्ये डाय गेलेला असतो, रक्तदाब पडलेला असतो, आणि केमो सुरू झाली की गाठीच्या पेशी फुटून युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढतं. तिन्ही मार किडनीवरच. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) खाली येईपर्यंत काही दिवस थांबले तर ते तुमच्या भल्यासाठी. पण महिना महिना कोणी काही बोलतच नसेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, अगदी एकाच्या केबिनमधून दुसऱ्याला फोन लावून.

१३. केमोने गाठ छान कमी झाली आणि तेव्हाच फुटली. मग केमो चुकीची दिली का?

बाबांच्या बाबतीत असं झालं म्हणून मुलगे स्वतःला दोष देत बसतात, "केमो नको म्हणालो असतो तर". चूक कोणाची नसते. गाठीच्या पेशी भिंतीत शिरलेल्या असल्या की भिंतीचा तेवढा भाग गाठीचाच बनलेला असतो. औषधाने त्या पेशी मेल्या की तिथे भगदाड पडतं, ते भरून यायला शरीराला वेळ मिळत नाही. औषध लागू पडलं म्हणूनच हे झालं. आणि केमो दिली नसती तर तीच गाठ भिंत पोखरत राहिली असती.

आधी सीटीत भिंतीत शिरल्याचा संशय असेल तर काही ठिकाणी केमो हळू सुरू करतात किंवा आधीच स्टेंट टाकून ठेवायचा विचार करतात. प्रत्येक पेशंटचं वेगळं ठरतं.

१४. जंतूंमुळे फुटली असं म्हणाले. जंतूंच्या जागी स्टेंट टाकतात तरी कसा?

बरोबर शंका आहे. केमोमुळे प्रतिकारशक्ती कमी, केमोसाठी मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन किंवा पोर्ट लावलेलं, त्यातून रक्तात जंतू गेले तर भिंतीत घर करतात, साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकस हे नेहमीचे. अशा जागी बाहेरचं कापड ठेवणं तत्त्वतः चूकच. पण रक्त वाहत असताना तत्त्व बाजूला ठेवून आधी जीव वाचवतात. मग रक्ताचे कल्चर, आठवडेच्या आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, काहींना पुढे आयुष्यभर गोळ्या, आणि पेशंट धडधाकट झाला तर पुढे ओपन करून ग्राफ्ट काढायचा की नाही याचा विचार.

१५. छातीतल्या स्टेंटनंतर पाय हलत नाहीत, असं का?

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या फांद्या छातीतल्या महाधमनीतूनच निघतात. लांब ग्राफ्टने त्यातल्या काही झाकल्या जातात. दुरुस्तीनंतर लगेच किंवा एकदोन दिवसांनीही पाय जड पडू शकतात, म्हणून आम्ही तासातासाला अंगठा हलवून दाखवायला सांगतो. नातेवाइकांनीसुद्धा भेटायला गेल्यावर ते बघावं आणि कमी वाटलं तर त्याच मिनिटाला सिस्टरला सांगावं. रक्तदाब वाढवून, कण्यातलं पाणी नळीने काढून बऱ्याचदा ताकद परत येते, उशीर झाला तर येत नाही. प्लेटलेट कमी असतील तर कण्यात नळी घालायला मर्यादा येतात (प्रश्न १०).

वळणाजवळ फाटली असेल तर डाव्या हाताकडे जाणारी फांदीही झाकावी लागते. मग डाव्या हाताला मुंग्या येतात, तिथे बीपी कमी लागतं. बायपास झालेल्या पेशंटने ते आधीच सांगायचं, हृदयाची बायपासची नस बऱ्याचदा त्याच फांदीतून येत असते.

१६. "एंडोलीक" लिहिलंय रिपोर्टमध्ये, परत फुटणार का?

एंडोलीक म्हणजे नळीच्या बाहेर, जुन्या फुगवट्यात रक्त अजून शिरतंय. टोकाकडून शिरत असेल तर तो पहिला प्रकार, दोन तुकड्यांच्या जोडातून किंवा कापड फाटून येत असेल तर तिसरा. हे दोन्ही ताबडतोब दुरुस्त करायचे. छोट्या फांद्यांतून उलटं येणारं रक्त हा दुसरा प्रकार, एरवी त्याच्यावर नुसती नजर ठेवतात, पण नुकत्याच फुटलेल्या महाधमनीत जास्त जपून बघतात.

लिम्फोमात एक वेगळी भानगड आहे. टोक जिथे टेकलंय तिथे बाहेरून गाठीचा आधार असेल आणि केमोने ती आक्रसली, तर टेकू सैल पडू शकतो. म्हणून साधारण १ महिना, मग १२ महिने, पुढे दरवर्षी असं नेहमीचं वेळापत्रक असलं तरी केमो चालू असताना सीटी जास्त वेळा करतात. लिम्फोमासाठी सीटी होणारच असतो, त्यातच डाय देऊन महाधमनीही बघा असं लिहून घ्या, दोनदा डाय नको.

१७. स्टेंटनंतर ताप येतोय. डिस्चार्ज देताना "स्टेंटचा ताप येतो, घाबरू नका" म्हणाले होते.

इतर पेशंटना ते खरं आहे. नवीन ग्राफ्टला शरीर प्रतिक्रिया देतं, काही दिवस ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, कल्चरमध्ये काही नाही. पण केमो घेतलेल्या माणसाला हे वाक्य लागू करायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप ही स्वतंत्र इमर्जन्सी आहे, तासाभरात अँटिबायोटिक लागतं. १००.४ फॅरनहाइटला किंवा वर गेला की त्याच दिवशी दाखवा, रात्र असेल तर रात्री.

पेट स्कॅनमध्ये स्टेंटच्या कडेने थोडी चमक दिसणं मात्र सुरुवातीला नेहमीचं आहे. लिम्फोमा परत आला असं लगेच समजू नका, स्टेंट कधी बसवला ती तारीख स्कॅनच्या फॉर्मवर लिहा.

१८. पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शनने महाधमनी सुजते असं वाचलं, खरं का?

खरं आहे आणि दुर्मिळही आहे. फिलग्रास्टिम, पेगफिलग्रास्टिमच्या माहितीपत्रकातच महाधमनीला सूज येण्याचा इशारा दिलेला आहे. ताप, पोटात किंवा पाठीत दुखणं, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला. केमोनंतर पाठ या इंजेक्शनने एरवीही दुखतेच, हाडांतून, त्यामुळे ओळखायला कठीण. दुखणं वेगळं वाटलं तर सांगा, इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरं औषध लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातलं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की महाधमनीचा फुगवटा असलेल्यांना ही अँटिबायोटिकं दुसरा पर्याय असेल तर देऊ नयेत. केमोत ती बऱ्याचदा दिली जातात. फुगवटा किंवा स्टेंट असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवा.

१९. आईला थोडी रक्ताची उलटी झाली, मग थांबली. एंडोस्कोपीची तारीख चार दिवसांनी दिलीय.

छातीत किंवा पोटात महाधमनीजवळ लिम्फोमा असेल तर चार दिवस थांबू नका. गाठ महाधमनी आणि अन्ननलिका किंवा आतडं यांच्या मधे असेल तर दोघांमध्ये भोक पडू शकतं. पहिल्यांदा थोडं रक्त येऊन गुठळीने थांबतं, काही तासांनी किंवा दिवसांनी एकदम मोठं येतं. आधी डाय देऊन सीटी करायचा की एंडोस्कोपी, ते त्यांना ठरवू द्या, पण तुम्ही लिम्फोमा आणि महाधमनी हे दोन्ही शब्द सांगा. इथेही स्टेंट रक्त थांबवतो, पण आतड्यातले जंतू ग्राफ्टपर्यंत पोचणार असतात, म्हणून भोकाची दुरुस्ती वेगळी लागते (प्रश्न १४).

२०. आधी "फुटलेली महाधमनी" म्हणाले, नंतर म्हणाले नुसता लिम्फोमा आहे. असं कसं?

असं होतं. महाधमनीभोवतीचा लिम्फोमाचा गोळा आणि तिथेच साठलेलं रक्त सीटीत फसवण्याइतके सारखे दिसतात, विशेषतः डाय न देता केलेल्या सीटीत. उलटंही होतं, जुनं साठलेलं रक्त गाठ समजून सुई घालायची तयारी झालेली असते. म्हणून महाधमनीजवळच्या गोळ्यात सुई घालण्याआधी डायचा सीटी झालाय ना, एवढं विचारायला लाजू नका.

२१. खर्चाचं काय करायचं? रात्री दोन वाजता पैसे कुठून आणायचे?

बिलात सगळ्यात मोठा आकडा ग्राफ्टचाच असतो. महाराष्ट्रात असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, आणि जिवावरच्या इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवायचं नसतं. तिथे समाजसेवा विभाग म्हणजे एमएसडब्ल्यू कुठे बसतात ते सिक्युरिटीला विचारलं तरी सांगतात.

२२. एमआरआय, विमानतळ, रेडिएशन चालतं का?

नायटिनॉलच्या ग्राफ्टला एमआरआय बहुतेक चालतो, स्टेंट बसवल्यावर मिळालेलं त्याचं कार्ड दाखवून करायचा. विमानतळावर सहसा काही वाजत नाही. रेडिएशनही देता येतं. कार्ड हरवू नका.

२३. लिम्फोमा कशालाच दाद देत नाहीये. आता फुटली तर स्टेंट नको, असं म्हटलं तर चालतं का?

चालतं. हा प्रश्न बायका रात्री उशिरा विचारतात, आणि विचारून झाल्यावर कितीदा तरी माफी मागतात. माफी मागायचं काही कारण नाही. एकामागून एक दोनतीन प्रकारच्या केमो देऊन झाल्यात, पेशंट अंथरुणाला खिळलाय, आणि पेशंटने स्वतः शुद्धीत असताना नको म्हटलंय, तर तो विचार डॉक्टरही मान्य करतात. पण तो आधी बोलून, फाइलवर लिहून ठेवलेला हवा, नाहीतर रात्री जो ड्यूटीवर असेल तो सगळं करणारच, आणि त्याने तेच करायला हवं. ज्यांना पहिल्यांदाच लिम्फोमा निघालाय त्यांच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगते, नको म्हणू नका, औषधांनी बरे होणारे लिम्फोमा पुष्कळ आहेत.

नको ठरलं तर पेशंटला वाऱ्यावर सोडत नाहीत. दुखू नये म्हणून मॉर्फिन देतात, ऑक्सिजन, पांघरूण, मॉनिटरचा आवाज बंद करतात. आम्ही पडदा ओढून घेतो, बाहेर थांबलेल्या सगळ्यांना आत सोडतो आणि खुर्ची पलंगाला अगदी लावून ठेवतो, हात धरता यावा म्हणून.